ढग आणि विश्वकिरण : एका आलेखाची वीस वर्षं

जुलै १९९६. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात अवकाश संशोधकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. डेन्मार्कच्या हवामान संस्थेतले दोन शास्त्रज्ञ, हेन्रिक स्वेन्समार्क आणि आयगिल फ्रीस-क्रिस्तेन्सेन, तिथे एक आलेख घेऊन आले. आलेखात दोन रेषा होत्या. एक रेषा अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, क्लायमॅक्स इथल्या मापकाने टिपलेल्या विश्वकिरणांची. दुसरी, उपग्रहांनी महासागरांवर मोजलेल्या ढगांची. दोन्ही रेषा जवळपास एकाच वेळी चढत होत्या आणि एकाच वेळी उतरत होत्या. अंतराळातून येणारे विश्वकिरण वाढले की पृथ्वीवर ढग वाढतात, किरण घटले की ढगही घटतात, असं त्यातून दिसत होतं. अकरा वर्षांच्या एका सौरचक्रात पृथ्वीवरचं ढगांचं आच्छादन तीन ते चार टक्क्यांनी बदलतं, असा या जोडीचा दावा होता.

तीन-चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण पृथ्वीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कोणत्याही क्षणी ढगांखाली असतो. खालच्या थरातले दाट, पांढरे ढग सूर्यप्रकाश परत पाठवतात आणि पृथ्वीला गार ठेवतात. त्यांच्यात एवढा बदल होत असेल, तर त्याचा परिणाम माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाशी तोलता येईल इतका मोठा ठरतो. विसाव्या शतकातल्या तापमानवाढीचं खापर मग कुणावर फोडायचं, हा प्रश्न त्या आलेखाने नव्याने उभा केला.

त्याचं उत्तर मिळायला वीस वर्षं लागली. एखादी गोष्ट घडू शकते हे दाखवणं वेगळं आणि ती पुरेशी घडते हे दाखवणं वेगळं. या दोहोंमधलं अंतर किती मोठं असू शकतं आणि ते मोजण्यासाठी किती कष्ट उपसावे लागतात, हे इतकं स्वच्छ दाखवणारी उदाहरणं विज्ञानाच्या अलीकडच्या इतिहासात थोडीच आहेत.

सूर्याचा पृथ्वीच्या हवामानाशी संबंध जोडण्याचा मोह जुना आहे. १८०१ साली विल्यम हर्शेल या विख्यात खगोलशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं की सूर्यावर डाग कमी असतात त्या काळात इंग्लंडमध्ये गहू महागतो. गव्हाचे भाव त्याने अ‍ॅडम स्मिथच्या ग्रंथातल्या कोष्टकातून घेतले होते. पुढे दोन शतकं अशा जुळण्यांची रीघ लागली. नद्यांचे पूर, दुष्काळ, झाडांच्या खोडातली वलयं, सगळ्यांत सौरचक्र शोधलं गेलं. काही वर्षं जुळणी टिकायची, मग मोडायची. अडचण प्रत्येक वेळी एकच होती. सूर्याचं तेज एका चक्रात जेमतेम हजारात एक भाग एवढं बदलतं. एवढ्याशा बदलाने हवामान हलत असेल, तर मध्ये परिणाम वाढवणारी एखादी यंत्रणा हवी. ती कुणाला सापडत नव्हती.

या जागी विश्वकिरण आले. त्यांचा शोध लागला तो ७ ऑगस्ट १९१२ रोजी. ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस त्या दिवशी हायड्रोजन भरलेल्या बलूनमधून बोहेमियातून निघाले आणि सुमारे ५,३०० मीटर उंचीवर पोहोचले. सोबत हवेतले विद्युतभारित कण, म्हणजे आयन, मोजणारी उपकरणं होती. उंच जावं तसे आयन कमी होतील अशी त्या काळची अपेक्षा होती, कारण किरणोत्सर्ग जमिनीतून येतो असं मानलं जाई. हेस यांना उलटं आढळलं. वर आयन कितीतरी जास्त होते. म्हणजे काहीतरी आकाशातून येत होतं. त्याच वर्षी एप्रिलमधल्या सूर्यग्रहणाच्या वेळीही त्यांनी उड्डाण केलं होतं. ग्रहणात आयन घटले नव्हते, तेव्हा हा मारा सूर्याकडून येत नसावा हेही दिसलं. १९३६ मध्ये हेस यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

सूर्य हे किरण धाडत नसला, तरी त्यांना अडवतो. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून सुटलेले हे वेगवान कण, मुख्यतः प्रोटॉन, सूर्यमालेत शिरताना सौरवाऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राशी झगडतात. सूर्य सक्रिय असेल तेव्हा कमी कण आत येतात, शांत असेल तेव्हा जास्त. अमेरिकेच्या स्कॉट फॉर्बुश यांनी १९३७ च्या सुमारास पाहिलं की सौर वादळानंतर विश्वकिरण काही दिवस अचानक घटतात. ही घट आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९५४ मध्ये त्यांनी दाखवलं की सौर डाग आणि विश्वकिरण यांची चढउतार अकरा वर्षांच्या चक्रात उलट दिशेने चालते. पुढे १९५९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाचे एडवर्ड नेय यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की खालच्या वातावरणात सौरचक्राबरोबर सर्वांत जास्त बदलणारी गोष्ट म्हणजे विश्वकिरणांमुळे होणारं आयनीभवन, तेव्हा सूर्य आणि हवामान यांच्यातला दुवा तिथे शोधावा. १९७५ मध्ये रॉबर्ट डिकिन्सन यांनी पुढचं पाऊल टाकलं. हे आयन ढगांची बीजं तयार व्हायला मदत करत असतील का, असं त्यांनी विचारलं.

ही कल्पना सुचणं स्वाभाविक होतं, कारण आयनांवर ढग धरतात हे प्रयोगशाळेत साऱ्यांनी पाहिलेलं होतं. स्कॉटलंडचे सी. टी. आर. विल्सन १८९४ च्या सप्टेंबरात बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत काही आठवडे राहिले. ढगांवर उमटणारी रंगीत प्रभामंडळं पाहून ती प्रयोगशाळेत निर्माण करावीत असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यातून क्लाउड चेंबर जन्माला आलं. बंद पेटीतली दमट हवा एकदम प्रसरण पावू दिली की ती गार होते आणि भारित कण जिथून गेला तिथे थेंबांची पांढरी रेघ उमटते. १९११ मध्ये विल्सन यांनी अशा रेघांची छायाचित्रं घेतली. पुढची कित्येक वर्षं विश्वकिरणांचा अभ्यास याच पेटीत झाला.

पण विल्सन यांच्या पेटीत आणि आकाशात एक मोठा फरक आहे. आयनांवर थेंब धरायला पेटीतली हवा संपृक्ततेच्या सुमारे चौपट दमट करावी लागते. खऱ्या ढगात हवा संपृक्ततेच्या जेमतेम एखादा टक्का वर जाते. त्यामुळे आकाशात आयनावर थेट थेंब धरत नाही. तिथे थेंबाला धूळ, मीठ, धूर किंवा सल्फ्युरिक आम्लाचा सूक्ष्म कण लागतो आणि तोही किमान ५० ते १०० नॅनोमीटर आकाराचा. आयन मदत करू शकतात ती फार आधीच्या टप्प्यावर, हवेतल्या वाफांचे मोजके रेणू एकत्र येऊन एक-दोन नॅनोमीटरचा पुंजका बांधतात तेव्हा. विद्युतभार असला तर असा पुंजका लवकर विखरत नाही. विश्वकिरणांपासून ढगापर्यंतची साखळी अशी लांब आहे : किरण, आयन, रेणूंचा पुंजका, वाढणारा कण, मेघबीज, थेंब, ढग. स्वेन्समार्क यांच्या आलेखात साखळीची दोन टोकं जुळलेली होती. मधल्या कड्या कुणी तपासलेल्याच नव्हत्या.

बर्मिंगहॅमनंतर वाद पेटला. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीचे तत्कालीन अध्यक्ष बर्ट बोलिन यांनी या जोडीवर भोळेपणाची आणि बेजबाबदारपणाची जाहीर टीका केली. कार्बन डायऑक्साइडवर बंधनं नको असलेल्यांनी उलट हा आलेख डोक्यावर घेतला. दोन्हीकडच्या आवाजात मूळ प्रश्न बुडून जाण्याची भीती होती. तो बुडाला नाही, कारण काही माणसं आकडेवारी पुन्हा तपासायला बसली.

डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातले पीटर लाउट यांनी आलेखातला उपग्रहांचा तपशील उलगडून पाहिला. वेगवेगळ्या उपग्रहांच्या नोंदी एकाच रेषेत जोडलेल्या होत्या आणि त्या सगळ्या एकच गोष्ट मोजत नव्हत्या. नवी वर्षं जोडली तशी एकूण ढगांची जुळणी बिघडू लागली. तेव्हा २००० मध्ये नायजेल मार्श आणि स्वेन्समार्क यांनी दावा बदलला. संबंध सगळ्या ढगांशी नाही, फक्त खालच्या थरातल्या, साधारण ३.२ किलोमीटरखालच्या ढगांशी आहे, असं ते म्हणाले. पण १९९४ च्या सुमारापासून खालच्या ढगांची रेषाही वेगळ्या वाटेने जाऊ लागली. उपग्रहांच्या नोंदींमध्ये त्या वेळी गडबड झाली, असं स्वेन्समार्क यांचं उत्तर होतं. तसं असेल तर त्याच नोंदींवर आधारलेल्या आधीच्या जुळणीवरही किती विसंबायचं, असा प्रश्न लगेच उभा राहिला. २००७ मध्ये अमॅटो इव्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की १९८३ पासूनच्या उपग्रह-नोंदींतला ढग घटल्याचा दीर्घकालीन कल बराचसा उपग्रहांच्या पाहण्याच्या कोनातून आलेला आहे. उपग्रह बदलले, त्यांच्या जागा बदलल्या, त्याबरोबर ढगांचे आकडेही बदलले.

मूळ कल्पनेतच एक पेच होता. विश्वकिरणांमुळे सर्वांत जास्त आयन तयार होतात ते सुमारे १५ किलोमीटर उंचीवर, आणि सौरचक्राबरोबर त्यांच्यात मोठा फरक पडतो तोही उंचावर आणि ध्रुवांकडे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्तावर कमी ऊर्जेच्या कणांना अडवतं, म्हणून तिथे फरक सर्वांत कमी. विश्वकिरण खरोखर ढग घडवत असतील तर परिणाम ध्रुवांकडे ठळक आणि विषुववृत्ताकडे पुसट दिसायला हवा. २००८ मध्ये टेरी स्लोन आणि अर्नोल्ड वुल्फेंडेल यांनी ही कसोटी लावली. ध्रुवांकडे अपेक्षित वाढ आढळली नाही. ढगांमधल्या अकरा वर्षांच्या चढउतारापैकी फार तर २३ टक्के भाग विश्वकिरणांमुळे असू शकेल, त्याहून जास्त नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. वुल्फेंडेल आयुष्यभर विश्वकिरणांचे अभ्यासक होते. १९६५ मध्ये कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, विश्वकिरणांतून जन्मलेल्या न्यूट्रिनोंचा माग लागला, तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी आणि ब्रिटिश गटांसोबत केलेल्या प्रयोगात. त्या ब्रिटिश गटात वुल्फेंडेल होते. विश्वकिरणांचं महत्त्व सिद्ध झालं असतं तर त्यांच्यासारख्याला आनंदच झाला असता. तरी त्यांनी पुरावा नाही असंच लिहिलं.

फॉर्बुश यांची घट ही दुसरी कसोटी ठरली. किरण अचानक घटल्यावर काही दिवसांत ढग घटतात का? २००९ मध्ये स्वेन्समार्क यांच्या गटाने होय म्हटलं. मोठ्या घटींनंतर ढगांतलं पाणी सुमारे सात टक्क्यांनी कमी होतं, असं त्यांना दिसलं. नॉर्वेचे योन एगिल क्रिस्त्यान्सन यांना मात्र त्याआधीच्या अभ्यासात असा ठाम संबंध सापडला नव्हता आणि २०१० मध्ये यासा चालोगोविच व सहकाऱ्यांनाही ढगांत काही बदल दिसला नाही. मोजक्या घटना आणि ढगांचा नित्याचा गोंधळ यांतून नुसत्या निरीक्षणाने निकाल लागणं अवघड होतं. मधल्या कड्या प्रयोगशाळेत तपासण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कोपनहेगनमध्ये स्वेन्समार्क यांनी स्वतः तशी सुरुवात केली. सात घनमीटरच्या कक्षात हवा, ओझोन, सल्फर डायऑक्साइड आणि अतिनील प्रकाश यांच्या साहाय्याने त्यांनी सल्फ्युरिक आम्लाचे पुंजके तयार केले. आयन वाढवले की पुंजके वाढतात, असं २००६ मध्ये त्यांनी जाहीर केलं. पहिल्या कड्या आता जोडलेल्या दिसू लागल्या.

भारतातही या चर्चेचे पडसाद उमटले. इस्रोचे माजी अध्यक्ष उडुपी रामचंद्र राव यांनी विक्रम साराभाईंच्या हाताखाली विश्वकिरणांवरच संशोधन सुरू केलं होतं. जानेवारी २०११ मध्ये ‘करंट सायन्स’मधल्या लेखात त्यांनी मांडलं की विसाव्या शतकात विश्वकिरण घटल्यामुळे खालचे ढग घटले आणि तापमानवाढीत त्याचा लक्षणीय वाटा आहे. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी हा मुद्दा जाहीर चर्चेत आणला. राव यांच्या हिशोबाचा पाया ढग आणि किरण यांच्या त्याच जुन्या जुळणीवर होता. त्यामुळे त्याचंही भवितव्य जिनिव्हाजवळ चाललेल्या एका प्रयोगावर अवलंबून होतं.

तो प्रयोग म्हणजे सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतला ‘क्लाउड’. कणभौतिकीतले संशोधक जॅस्पर कर्कबी यांनी १९९८ मध्ये सुचवलं की प्रयोगशाळेतला कणांचा झोत विश्वकिरणांच्या जागी वापरावा आणि ढगांच्या बीजांवर होणारा परिणाम थेट मोजावा. औपचारिक प्रस्ताव २००० मध्ये गेला, मंजुरी आणि पैसा मिळायला २००६ उजाडलं, मुख्य कक्षात मोजमापं सुरू झाली ती २००९ च्या अखेरीस. तीन मीटर व्यासाचा, सुमारे २६ घनमीटरचा तो पोलादी कक्ष पाहिला की प्रश्न नेमका मांडणं म्हणजे काय ते कळतं. त्यात बाहेरची हवा वापरायची नाही. द्रवरूप नायट्रोजन आणि ऑक्सिजनपासून शुद्ध हवा बनवायची, मग त्यात हवी ती वाफ अब्जांशापेक्षाही कमी प्रमाणात सोडायची. कक्षातल्या विद्युतक्षेत्राने सगळे आयन क्षणात बाजूला ओढता येतात. ते क्षेत्र बंद केलं की नैसर्गिक विश्वकिरणांचे आयन उरतात आणि प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या त्वरकाचा झोत सोडला की उंच वातावरणाइतके आयन मिळतात. तीच हवा, तीच वाफ, तेच तापमान, बदल फक्त आयनांचा. आकाशात जे कधीच शक्य होणार नाही ते इथे झालं.

ऑगस्ट २०११ मध्ये पहिले निकाल आले. जमिनीलगतच्या नैसर्गिक विश्वकिरणांमुळे नवे पुंजके तयार होण्याचा वेग दोनपटीपासून दहापटीहून अधिक वाढू शकतो. स्वेन्समार्क यांच्या बाजूने हा मोठा कौल होता आणि तो प्रामाणिकपणे छापला गेला. त्याच लेखात दुसरी गोष्टही होती. सल्फ्युरिक आम्ल, पाणी आणि अमोनिया एवढ्याने खालच्या वातावरणात प्रत्यक्ष दिसतात तेवढे कण तयार होत नाहीत. तयार होण्याचा वेग कित्येक पटींनी कमी पडतो. म्हणजे ज्या ढगांचा प्रश्न होता त्यांची बीजं दुसऱ्याच कशातून येत होती.

ते शोधताना प्रयोग मूळ प्रश्नाच्या फार पुढे गेला. २०१३ मध्ये कळलं की अमाइन नावाची संयुगं सल्फ्युरिक आम्लाला अमोनियाहून हजार पटींनी जास्त मदत करतात आणि तिथे पुंजके आयनांवाचूनच स्थिर राहतात. मे २०१६ मध्ये आणखी मोठी गोष्ट हाती आली. सूचिपर्णी झाडांच्या सुवासातल्या पायनीनसारख्या वाफा ओझोनशी संयोग पावल्या की सल्फ्युरिक आम्लाशिवायही कण तयार होतात. आयन असतील तर हा वेग दहा ते शंभर पटींनी वाढतो. कारखाने आणि कोळसा येण्याआधीच्या स्वच्छ हवेत जंगलंच ढगांची बीजं पेरत होती, असा त्याचा अर्थ.

अखेरचा हिशोब त्याच वर्षी झाला. क्लाउडमध्ये मोजलेले सगळे वेग एकत्र करून एइमिअर डन यांच्या नेतृत्वाखाली वातावरणाचं जागतिक प्रारूप चालवलं गेलं. नवे कण तयार होण्यात आयनांचा वाटा खरोखर मोठा निघाला. पण सौरचक्रात विश्वकिरण जेवढे बदलतात तेवढ्याने आजच्या वातावरणातली मेघबीजं जवळपास बदलतच नाहीत. कारण मधल्या कडीत आहे. पेरलं तेवढं उगवत नाही. दोन नॅनोमीटरचा कण ५० ते १०० नॅनोमीटरचा होईपर्यंत बहुतेक कण मोठ्या कणांना चिकटून नाहीसे होतात. बीजं जास्त झाली की वाफेसाठी त्यांची आपसात ओढाताण होते आणि प्रत्येकाची वाढ मंदावते. जेफ्री पिअर्स आणि पीटर अ‍ॅडम्स यांनी २००९ मध्येच प्रारूपाच्या आधारे सांगितलं होतं की हा परिणाम हव्या त्या आकारापेक्षा सुमारे शंभरपटीने लहान आहे. आता त्याला प्रयोगाचा आधार मिळाला. स्वेन्समार्क यांनी २०१७ मध्ये आयन कणांच्या वाढीचाही वेग वाढवतात असं मांडलं, पण ती वाढ काही टक्क्यांपुरतीच आहे.

पृथ्वीच्या इतिहासातही याची साक्ष आहे. सुमारे ४१,००० वर्षांपूर्वी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र फार क्षीण झालं होतं आणि विश्वकिरणांचा मारा वाढला होता. ग्रीनलंडच्या बर्फात त्या काळच्या थरांत विश्वकिरणांमुळे तयार होणाऱ्या बेरिलियम-१० या समस्थानिकाची ठळक वाढ दिसते. तापमानात मात्र तशी काही कलाटणी दिसत नाही. अलीकडचा पुरावा त्याहून थेट आहे. २००७ मध्ये माइक लॉकवुड आणि क्लॉस फ्रोलिश यांनी दाखवलं की १९८५ नंतर सूर्याचे सगळे कल पृथ्वी गार करण्याच्या दिशेने गेले आहेत. २००९ च्या सौर शांततेत मापकांनी तोवरचे सर्वाधिक विश्वकिरण नोंदवले. कल्पना खरी असती तर ढग वाढून पृथ्वी निवायला हवी होती. पुढची दहा वर्षं मोजमापांच्या तोवरच्या इतिहासातली सर्वांत उष्ण ठरली.

तेव्हा उत्तर असं आहे : विश्वकिरण ढगांची बीजं तयार व्हायला मदत करतात, पण त्यांच्यातल्या चढउतारामुळे आजचं हवामान बदलत नाही. या उत्तराचा पहिला भाग स्वेन्समार्क यांच्या चिकाटीतून आला आणि तो मान्य करायला हवा. दुसरा भाग त्यांच्या विरोधकांच्या मताने ठरला नाही. तो पोलादी कक्षातल्या शेकडो मोजमापांनी ठरला आणि म्हणूनच तो टिकतो. ज्यांनी १९९६ चा आलेख पाहून लगेच निकाल दिला, मग तो कोणत्याही बाजूने असो, त्यांना या उत्तरातला एकही आकडा माहीत नव्हता.

या खटाटोपातून आणखी एक मोठी गोष्ट मिळाली. औद्योगिक युगाआधी आकाश किती ढगाळ होतं, हे ठाऊक नसेल तर माणसाच्या धुराने ढग किती बदलले हे सांगता येत नाही आणि तापमानवाढीच्या हिशोबातली सर्वांत मोठी अनिश्चितता तिथेच आहे. जंगलांच्या वाफेतून मेघबीजं तयार होतात हे कळल्यावर तो पूर्वीचा आकडा पहिल्यांदाच प्रयोगाच्या आधारे मांडता येऊ लागला. सूर्याकडे बोट दाखवणाऱ्या एका कल्पनेच्या कसोटीतून माणसाचा स्वतःचा वाटा अधिक नेमका मोजण्याचं साधन हाती आलं. क्लाउडमधली मोजमापं आजही चालू आहेत आणि आता ती मुख्यतः याच वाट्याच्या शोधात आहेत.